विश्लेषण : पंचतारांकित नसलेल्या लॉजला पाच तारे कशामुळे मिळतात?

मुंबईच्या उपनगरांत मोठ्या हॉटेलांच्या आडोशाला दहा-पंधरा खोल्यांची लॉज आणि गेस्ट हाऊस वर्षानुवर्षे चालत आली आहेत. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही, दर्शनी भागात झुंबर नाही, अनेकदा लिफ्टही नाही. तरी त्यांतली काही महिनाभर भरलेली असतात आणि शेजारचीच, तेवढ्याच भाड्याची काही ओस पडतात. हा फरक आता बऱ्याच अंशी मोबाइलच्या पडद्यावर ठरतो. आधीच्या पाहुण्यांनी दिलेले तारे आणि दोन ओळींचा अभिप्राय पाहूनच नवा पाहुणा बॅग उचलतो. हे तारे मिळतात कशामुळे, त्यांनी धंदा खरेच वाढतो का आणि कोणत्या गोष्टी हे तारे सांगत नाहीत, याचा हा आढावा.

उपनगरांतल्या लॉजमध्ये उतरते कोण?

पर्यटक कमी, कामासाठी आलेला माणूस जास्त. अंधेरी पूर्वेला मरोळ, साकीनाका, चकाला या भागांत विमानतळामुळे आणि सीप्झ, एमआयडीसीतील कंपन्यांमुळे एका-दोन रात्रींचे गिऱ्हाईक असते. पश्चिमेला वर्सोवा, आरामनगरकडे ऑडिशनसाठी आलेली मुले-मुली असतात, तर कोकिळाबेन रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांचे नातेवाईक खोली शोधत असतात. घाटकोपरला व्यापारी येतात. लोकमान्य टिळक टर्मिनस जवळ असल्याने पहाटेची गाडी पकडणारेही तिथे उतरतात. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर घाटकोपरला राहून अंधेरीत काम उरकणे सोपे झाले. मुलुंडला लग्नाचे वऱ्हाड आणि रुग्णालयात आलेली कुटुंबे असतात. बोरिवलीला गुजरात-राजस्थानकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात. शिवाय राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी लेणी आणि गोराईचा विपश्यना पॅगोडा पाहायला येणारे असतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांना चैन नको असते, त्यांना फसवणूक नको असते. रात्री अकराला पोहोचल्यावर ठरलेली खोली ठरलेल्या भाड्यात मिळावी, चादर धुतलेली असावी आणि सकाळी सहाला गरम पाणी यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. छोट्या लॉजची संधी याच अपेक्षेत आहे.

पूर्वी हा भरवसा कसा मिळायचा?

तोंडी शिफारशीने. गावाकडून मुंबईला येणारा माणूस आधी कुणीतरी उतरून आलेल्या ठिकाणीच जायचा. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक मुंबईच्या मुक्कामात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. अशा ठिकाणांचा लौकिक जाहिरातीने नव्हे, तर उतरून गेलेल्यांच्या बोलण्याने पसरायचा. मालकाला पाहुण्याचे गाव, नातेवाईक, कधी कधी पथ्यपाणीही ठाऊक असायचे.

आजचा रिव्ह्यू हे त्याच शिफारशीचे नवे रूप आहे. फरक दोन. पूर्वी शिफारस ओळखीच्या माणसाची असायची, आता ती अनोळखी माणसाची असते. आणि पूर्वी नाराज पाहुणा दहा जणांना सांगायचा, आता त्याचे म्हणणे पुढची अनेक वर्षे पडद्यावर राहते.

रिव्ह्यूमुळे धंदा वाढतो याला पुरावा आहे का?

आहे, आणि तो छोट्यांच्या बाजूचा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला. ‘येल्प’वर एक तारा वाढला, तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले. मात्र हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर दिसला, साखळी ब्रँडवर नाही. कारण साधे आहे. ब्रँडची पाटी पाहून ग्राहकाला आत काय मिळेल ते आधीच ठाऊक असते. बिनओळखीच्या दुकानाबद्दल ते फक्त आधीचा ग्राहक सांगू शकतो.

हॉटेलांबाबत कॉर्नेल विद्यापीठातील ख्रिस अँडरसन यांचा २०१२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचपैकी गुणांत एका गुणाची वाढ झाली, तर हॉटेलला दर ११.२ टक्क्यांनी वाढवूनही तेवढ्याच खोल्या भरता येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हे आकडे अमेरिकेचे आहेत. साकीनाक्याच्या लॉजला ते जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण दिशा तीच आहे. ज्याचे नाव कुणाला माहीत नाही, त्याला रिव्ह्यूचा सर्वाधिक फायदा होतो. तोटाही त्यालाच सर्वाधिक होतो.

एका वाईट रिव्ह्यूने किती नुकसान होते?

हे गणित अनेक मालक मांडतच नाहीत. समजा एका नव्या गेस्ट हाऊसला २० रिव्ह्यू मिळाले आहेत आणि सरासरी ४.५ आहे. एका पाहुण्याने रागाने एकच तारा दिला, की सरासरी ४.३३ वर येते. ती पुन्हा ४.५ वर न्यायला सलग सात पाहुण्यांनी पाच-पाच तारे द्यावे लागतात. हेच लॉज २०० रिव्ह्यूंचे असते, तर तोच एक तारा सरासरीला ४.४८ पर्यंतच खाली आणू शकला असता.

म्हणजे सुरुवातीचे काही महिने सर्वात नाजूक असतात. नेमक्या याच काळात मालक रंगरंगोटीचा खर्च भरून काढायच्या घाईत असतो, माणसे नवी असतात आणि गिझर, नळ, वायफाय यांच्या कुरबुरी सुरू असतात. सगळ्या खोल्या पहिल्याच दिवशी उघडण्यापेक्षा चार खोल्या नीट चालवून मग बाकीच्या सुरू करणे हा इथला शहाणपणाचा मार्ग आहे.

आणखी एक अडचण मानसिकतेची आहे. आपल्याकडे ८० टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. त्यामुळे ‘सगळे छान होते’ असे लिहून चार तारे देणारे पाहुणे भरपूर असतात. पण ‘एअरबीएनबी’वर सुपरहोस्ट म्हणवून घ्यायला किमान ४.८ ची सरासरी लागते. तिथे चार तारे म्हणजे जवळजवळ नापास. पाहुण्याने कौतुक म्हणून दिलेले गुण घरमालकाला शिक्षेसारखे पडतात. ही मोजपट्टी आपल्या सवयीची नाही, पण धंदा तिच्यावरच मोजला जातो.

चांगली सेवा म्हणजे नेमके काय?

इथे बहुतेक चर्चा ‘अतिथी देवो भव’वर येऊन थांबते. प्रत्यक्षात देवपण लागत नाही. छोट्या खोलीच्या ठिकाणी सेवा म्हणजे आधी सांगितलेले आणि मिळालेले यांत अंतर नसणे. खोली लहान असेल, तर फोटो कोपऱ्यातून ताणून काढू नये. लिफ्ट नसेल, तर ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’ हे आधीच लिहावे. ज्याचे गुडघे दुखतात तो येणार नाही. पण येऊन संतापून एक तारा देण्यापेक्षा तो न आलेला बरा.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि त्यातही बाथरूमची. पाहुणा टीव्हीचा आकार विसरतो, पण उशीवरचा केस आणि बादलीचा चिकटपणा विसरत नाही. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. चादरींचे तीन जोड लागतात. एक अंथरलेला, एक धोब्याकडे आणि एक कपाटात. दोनच जोड ठेवणाऱ्या लॉजमध्ये पावसाळ्यात ओलसर चादर पाहुण्याच्या वाट्याला येते आणि तिचा वास थेट रिव्ह्यूत उतरतो.

तिसरी गोष्ट पोहोचण्याची. अंधेरी पूर्वेच्या गल्ल्यांत रात्री रिक्षावाल्याला नुसता पत्ता सांगून भागत नाही. मेट्रोचे कोणते स्थानक, कोणता नाका, कोणत्या दुकानाच्या बाजूने आत वळायचे, हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे लॉज पाहुणा दारात येण्याआधीच अर्धा तारा कमावते.

चौथी गोष्ट वेळेची. विमानतळ आणि टर्मिनसजवळच्या पाहुण्याचे घड्याळ वेगळे असते. पहाटे चारला उतरलेल्या माणसाला ‘चेक-इन दुपारी बाराला’ हे उत्तर नियमानुसार बरोबर असले, तरी त्याला बसायला जागा, तोंड धुवायला पाणी आणि एक कप चहा देता येतो. रुग्णालयात असलेल्या कुटुंबाला मुक्काम कधी वाढेल हे ठाऊक नसते. त्यांच्याकडून रोज सकाळी ‘आज सोडताय का?’ असे विचारून घेणे आणि ‘खोली ठेवतो, दुपारपर्यंत कळवा’ असे सांगणे, यातला फरक ती माणसे आयुष्यभर लक्षात ठेवतात.

पाचवी गोष्ट प्रतिष्ठेची. ओळखपत्र मुंबईचे आहे म्हणून, मुलगी एकटी आहे म्हणून किंवा जोडप्याचे लग्न झालेले नाही म्हणून काउंटरवरून परत पाठवणे हा अनेक लॉजचा रिवाज आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मालाडच्या मढ-अक्सा परिसरातील हॉटेलांवर छापे टाकून पोलिसांनी जोडप्यांना ताब्यात घेतले, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. सज्ञान अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहण्याला मनाई करणारा कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. ओळखपत्र तपासणे, नोंदवहीत नोंद करणे हे लॉजचे काम आहे. पाहुण्याचे चारित्र्य तपासणे नाही. आरक्षण घेताना मान्य केलेली खोली काउंटरवर नाकारली, तर त्याची नोंद रिव्ह्यूत होणारच, आणि ती योग्यच असते.

हे सगळे करतो कोण?

रिव्ह्यूत मालकाचे नाव क्वचित येते. नाव येते ते रूम बॉयचे, रात्रपाळीच्या मॅनेजरचे, चहा आणून देणाऱ्याचे. तरीही पाच ताऱ्यांचे श्रेय मालकाकडे जाते आणि एका ताऱ्याचा दंड पगारातून कापला जातो, असा प्रकार घडतो. तो अन्यायाचा तर आहेच, धंद्याच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. दंडाला घाबरलेला कर्मचारी तक्रार दडवतो. गिझर बिघडल्याचे तो मालकाला सांगत नाही, मग ते पाहुणा जगाला सांगतो. उलट, चांगल्या रिव्ह्यूत ज्याचे नाव आले त्याला महिनाअखेर थोडी रक्कम जादा मिळाली आणि शंभर-दोनशे रुपयांची दुरुस्ती मालकाला न विचारता करायची मुभा असली, तर तक्रार खोलीतच मिटते. बारा तास उभ्या माणसाकडून हसतमुख सेवा मिळत नाही. आठवड्याची सुट्टी हा सेवेचाच भाग आहे.

वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यावे का?

द्यावे, थोडक्यात आणि भांडण न करता. डेव्हिड प्रोसर्पिओ आणि जॉर्जिओस झर्वास यांच्या अभ्यासात उत्तरे देऊ लागलेल्या हॉटेलांना १२ टक्के अधिक रिव्ह्यू मिळाले आणि सरासरी ०.१२ ताऱ्याने वाढली. मालक वाचतो हे कळल्यावर किरकोळ कारणाने खडे फोडणारे कमी होतात, पण जे तक्रार करतात ते सविस्तर लिहितात, असेही दिसले. सविस्तर तक्रार म्हणजे फुकटात मिळालेली तपासणीच.

उत्तर खरे तर तक्रार करणाऱ्यासाठी नसते. तो परत येईलच असे नाही. ते पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. ‘आपण खोटे बोलत आहात’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला मालकाचा स्वभाव कळतो. ‘त्या रात्री पंप बंद पडला होता, दुसऱ्या दिवशी बदलला’ असे लिहिले, तर तोच वाईट रिव्ह्यू लॉजच्या बाजूने बोलू लागतो.

खोट्या रिव्ह्यूंचे काय?

ताऱ्यांना किंमत आली, की ते विकत मिळू लागतात. नातेवाइकांकडून लिहून घेणे, पाच ताऱ्यांच्या बदल्यात सूट देणे, शेजारच्या लॉजवर चिखलफेक करणे, हे सगळे चालते. अमेरिकेतील हॉटेलांवरील एका अभ्यासात स्वतंत्र हॉटेलांच्या शेजाऱ्यांना नकारात्मक रिव्ह्यू जास्त मिळत असल्याचे आढळले होते. म्हणजे हा मोह छोट्यांनाच अधिक होतो.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, पैसे घेऊन लिहिलेले रिव्ह्यू छापू नयेत, अशा अपेक्षा त्यात आहेत. मात्र हे मानक ऐच्छिक स्वरूपात आले, म्हणून त्याचा धाक मर्यादित राहिला. ‘बुकिंग डॉट कॉम’सारख्या संकेतस्थळांवर मुक्काम केलेल्यालाच रिव्ह्यू लिहिता येतो. गुगलवर तशी अट नाही. वाचणाऱ्यानेही हा फरक ध्यानात ठेवावा. एकाच आठवड्यात आलेले, एकाच धाटणीचे, खोलीबद्दल काहीही न सांगणारे पाच तारे संशयास्पदच समजावेत.

नैतिकता बाजूला ठेवली, तरी विकतचा रिव्ह्यू तोट्याचा आहे. तो अपेक्षा वाढवतो आणि खोली तीच राहते. मग खरा पाहुणा दुप्पट निराश होतो.

चांगल्या रिव्ह्यूचा पैसा अ‍ॅपलाच मिळत नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. आरक्षणाची अ‍ॅप साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. १२ खोल्यांचे, २,००० रुपये भाड्याचे लॉज ६० टक्के भरत असेल, तर महिन्याला २१६ रात्री विकल्या जातात. त्यांतल्या तीन चतुर्थांश, म्हणजे १६२ रात्री अ‍ॅपवरून आल्या आणि कमिशन २० टक्के धरले, तर ६४,८०० रुपये जातात. यातले एक तृतीयांश पाहुणे पुढच्या वेळी थेट फोन करून आले, तर महिन्याला २१,६०० रुपये वाचतात. त्यातून एक माणूस अधिक ठेवता येतो आणि सेवा आणखी सुधारते. रिव्ह्यू पहिल्या मुक्कामासाठी असतो. दुसरा मुक्काम मालकाने स्वतः कमवायचा असतो.

अ‍ॅपचे वर्चस्व हा केवळ छोट्यांचा कांगावा नाही. हॉटेलचालकांच्या महासंघाच्या तक्रारीनंतर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अन्यत्र कमी दर देऊ नये अशी हॉटेलांवर घातलेली अट हा त्यातला एक मुद्दा होता. अ‍ॅपशिवाय नवा पाहुणा मिळत नाही आणि केवळ अ‍ॅपवर धंदा उभा राहत नाही, ही छोट्या लॉजची कोंडी आहे. जुना पाहुणा हाच तिच्यातून बाहेर पडण्याचा रस्ता.

तारे कोणती गोष्ट सांगत नाहीत?

सर्वात महत्त्वाची. २७ ऑगस्ट २०२३ रोजी सांताक्रूझ पूर्वेतील प्रभात कॉलनीतल्या एका हॉटेलला आग लागून तिघांचा मृत्यू झाला. आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा जिना मोकळा आहे का, वायरिंग किती जुने आहे, खिडक्या ग्रिलने बंद आहेत का, हे एका रात्रीचा पाहुणा पाहत नाही आणि लिहीतही नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. हे काम ताऱ्यांवर सोडता येत नाही. ४.८ चे रेटिंग म्हणजे सुरक्षित इमारत नव्हे, हे पाहुण्याने आणि महापालिकेनेही विसरू नये. जिन्याखाली गाद्या रचून ठेवणाऱ्या मालकाला स्वच्छ चादरीचे पाच तारे मिळू शकतात, आणि हीच या पद्धतीची सर्वात मोठी त्रुटी आहे.

आता पुढे काय?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमाने विभागली गेली, की अंधेरीच्या लॉजना ‘विमानतळाजवळ’ एवढ्या एका ओळीवर फार काळ चालता येणार नाही. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. घरगुती स्वरूपात सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी निवास व न्याहारी योजना आहे आणि महिला उद्योजकांसाठी राज्याच्या ‘आई’ पर्यटन धोरणात १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची तरतूद आहे. मुलुंड-बोरिवलीत मुले परदेशी गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या खोल्या कमी नाहीत. त्यासाठी मात्र सोसायटीला विश्वासात घ्यावे लागते.

या सगळ्यात छोट्या लॉजच्या हातात असलेले भांडवल एकच आहे, ते म्हणजे शब्द पाळणे. मोठे हॉटेल झुंबर लावू शकते, ब्रँड जाहिरात करू शकतो. पण रात्री दोनला दार उघडून पाहुण्याला नावाने हाक मारणे बारा खोल्यांच्या मालकालाच जमते. तारे त्यानंतर येतात. आधी तारे मोजायला बसलेल्या लॉजमध्ये सकाळी सहाला गरम पाणी येईलच, याची खात्री देता येत नाही.